पिशवीतला पाव

६ एप्रिल २०२२ रोजी इस्रायलमधल्या सरकारचं बहुमत गेलं. एकशेवीस सभासदांच्या क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, नफ्ताली बेनेट यांच्या आघाडीकडे काठावरचे ६१ सभासद होते. त्यांच्यातल्या इदित सिलमन, ज्या आघाडीच्या प्रतोद होत्या, त्या दिवशी आघाडीतून बाहेर पडल्या आणि हिशेब साठास साठ झाला. पुढे जूनअखेर क्नेसेट बरखास्त झाली, १ नोव्हेंबरला निवडणूक झाली, आणि वर्ष संपायच्या आत बेन्यामिन नेतान्याहू पुन्हा पंतप्रधान झाले.

आता या बाई कशावरून बाहेर पडल्या? सीमेवरून नाही, युद्धावरून नाही, महागाईवरून नाही. निमित्त झालं पावाचं. आरोग्यमंत्री नित्झान होरोविट्झ यांनी रुग्णालयांना एक पत्र पाठवलं होतं की, वल्हांडणाच्या सणात कुणी बाहेरून पाव घेऊन आलं तर त्याला अडवू नका, सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे, तो पाळा. सिलमनबाईंचं म्हणणं, ज्यू राष्ट्राच्या रुग्णालयात वल्हांडणाला पाव आणू देणं मला सहन होणार नाही. राजकारणात दिलेलं कारण आणि खरं कारण यांत अंतर असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आघाडी आधीपासूनच कुरकुरत होती. पण लोकांना पटेल असं कारण म्हणून पाव पुढे करता आला, हीच मला विचार करण्यासारखी गोष्ट वाटते. पावाच्या लादीत एवढं काय आहे?

वल्हांडण हा शब्द मराठी बायबलातला. हिब्रूत पेसाख. इजिप्तच्या गुलामगिरीतून ज्यू लोक मोशेच्या मागे निघाले, त्याची ही आठवण. निघायची घाई इतकी की मळलेली कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. तशीच भाजून घेतली. म्हणून या सणात, इस्रायलमध्ये सात दिवस आणि बाहेरच्या देशांत आठ दिवस, खमीर चढलेलं काही खायचं नाही. खायची ती मत्सा, म्हणजे बेखमीर भाकर, आपल्या खाकऱ्यासारखी कडक. गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचाच एक भाऊ, या पाच धान्यांच्या पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ते भाजून निघालं नाही तर ते ‘हामेत्स’ झालं, असा नियम. पाव, बिस्किट, शेवया, बिअर, सगळं हामेत्स.

इथपर्यंत आपल्याला सगळं ओळखीचं वाटतं. उपासाला काय चालतं आणि काय नाही, यावर आपल्याकडे कमी चर्चा होत नाही. साबुदाणा दक्षिण अमेरिकेतल्या कंदाचा, पण तो चालतो; तांदूळ इथलाच, तो चालत नाही. पण हामेत्सचं तेवढ्यावर भागत नाही. ते नुसतं खायचं नाही असं नाही, तर आपल्या मालकीचंही असता कामा नये, आपल्या हद्दीत दिसताही कामा नये, असं शास्त्र आहे. म्हणून सणाच्या आधी घराची जी झाडलोट होते तिच्यापुढे आपली दिवाळीची साफसफाई काहीच नाही. कपाटांचे कोपरे, कोटांचे खिसे, मुलांची दप्तरं झटकतात. आदल्या रात्री मेणबत्ती आणि पीस घेऊन घरभर कण शोधायचे आणि सकाळी ते जाळायचे.

आणखी एक बारकावा आहे. तो समजला नाही तर पुढचं भांडण समजणार नाही. ज्यूंच्या आहारनियमांना ‘काश्रुत’ म्हणतात आणि त्यात बसणाऱ्या अन्नाला ‘कोशेर’. एरवी या नियमांत थोडी सवलत आहे. निषिद्ध पदार्थाचा थेंब चुकून पातेल्यात पडला आणि पातेल्यातलं अन्न त्याच्या साठपट असलं तर तो थेंब नाहीसा झाला असं धरतात. हामेत्सला वल्हांडणात ही सवलत नाही. हजारात एक कण असला तरी तो आहेच. म्हणजे शेजारच्याने पावाला लावलेली सुरी तुमच्या लोण्याला लागली की तुमचं लोणी गेलं. धार्मिक माणसाची ही भीती बाहेरून आपल्याला वेड वाटेल, पण त्याच्या हिशेबात ती अगदी रोकडी आहे.

मग गोदामांतल्या धान्याचं काय करायचं? सगळं समुद्रात टाकायचं? ज्यू धर्मगुरूंना, म्हणजे रब्बींना, व्यवहार चांगला कळतो. हामेत्स आपल्या मालकीचं नको ना, मग सणापुरतं परधर्मीयाला विकून टाका! इस्रायलच्या सरकारी गोदामांतला माल, सरकारी कंपन्यांचा माल, रीतसर करारपत्र करून विकला जातो. १९९७ पासून बरीच वर्षं हा माल जेरुसलेमजवळच्या अबू घोश गावचे एक मुस्लिम गृहस्थ विकत घेत असत. ते एका हॉटेलात व्यवस्थापक होते. काही हजार डॉलरची अनामत ठेवायची, कोट्यवधी डॉलरच्या मालाचं आठवडाभर मालक व्हायचं, सण संपला की उरलेली रक्कम भरायची नाही, म्हणजे व्यवहार आपोआप रद्द, आणि अनामत परत. हसण्यासारखं वाटतं, पण त्या कागदावर देशाचे प्रमुख रब्बी गंभीरपणे सह्या करतात.

आता या देशात धार्मिक कोण आणि सेक्युलर कोण? आपण समजतो की एका बाजूला काळे कोट-टोप्या घालणारे आणि दुसऱ्या बाजूला देव न मानणारे. प्यू या अमेरिकन संस्थेने २०१६ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात इस्रायलमधल्या ज्यूंपैकी ४९ टक्के लोकांनी स्वतःला ‘हिलोनी’ म्हणजे सेक्युलर म्हटलं, २९ टक्क्यांनी ‘मसोर्ती’ म्हणजे परंपरा जमेल तेवढी पाळणारे, १३ टक्क्यांनी धार्मिक आणि ९ टक्क्यांनी ‘हरेदी’, म्हणजे ते काळ्या कोटातले कडवे धार्मिक. गंमत पुढे आहे. या सेक्युलर म्हणवणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोकांनी वल्हांडणाच्या पहिल्या रात्रीचं ‘सेदेर’ नावाचं विधिवत जेवण केलेलं होतं, आणि त्यांच्यातले एक तृतीयांश घरात कोशेरही पाळत होते. तेव्हा हे भांडण सण मानणारे आणि न मानणारे यांच्यातलं नाही. सण बहुतेक सगळेच मानतात. भांडण आहे ते, मी माझ्या घरात काय पाळतो ते सरकारने मला सांगावं का, याचं.

त्याचं मूळ देशाच्या जन्माआधीचं आहे. जून १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांची समिती पॅलेस्टाइनमध्ये येणार होती. ज्यूंच्यात फूट दिसू नये म्हणून दाविद बेन गुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आगुदात इस्राएल’ या कडव्या धार्मिक पक्षाला एक पत्र दिलं. होणाऱ्या राज्यात शनिवार हा सुटीचा दिवस राहील, सरकारी स्वयंपाकघरांत अन्न कोशेर असेल, विवाहाचा कायदा धर्माच्या हाती राहील, शिक्षणात धार्मिकांना स्वायत्तता मिळेल. बेन गुरियन स्वतः काही धर्म पाळणारे नव्हते. त्यांना सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं होतं, आणि ‘एका टेबलाशी’ हे शब्दशः घ्यायला हरकत नाही. सैन्यात धार्मिक आणि सेक्युलर पोरं एकत्र जेवायची असतील तर स्वयंपाक कोशेरच करायला हवा, कारण सेक्युलर मुलगा कोशेर खाऊ शकतो, धार्मिक मुलगा दुसरं खाऊ शकत नाही. हा युक्तिवाद मला तरी खोडून काढता येत नाही.

पण सामायिक पातेलं एक आणि माणसाचा स्वतःचा डबा दुसरा. २०१५ साली एका सैनिकाने आजीकडून आणलेलं डुकराच्या मांसाचं सँडविच तळावर खाल्लं म्हणून त्याला कोठडीची शिक्षा सुनावली गेली. वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली आणि लष्कराने शिक्षा मागे घेतली. लष्कराचं स्वयंपाकघर कोशेर राहील, पण सैनिक स्वतःसाठी काय आणतो ते आम्ही बघणार नाही, असा खुलासा करावा लागला.

डुकराचं प्रकरण स्वतंत्र भाषणाचा विषय आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६२ च्या कायद्याने उत्तरेतली ख्रिस्ती वस्तीची काही गावं सोडून देशात डुकरं पाळायला बंदी झाली. संशोधनासाठी मात्र मुभा. त्यामुळे एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, डुकरांवर संशोधन चाललं, आणि संशोधनातून उरलेलं कुठे जात असे हे सगळ्यांना माहीत होतं. दुकानात त्याला ‘पांढरं मांस’ म्हणतात. १९९० नंतर सोव्हिएत संघातून दहा लाखांच्या आसपास माणसं आली. त्यांना हे मांस म्हणजे रोजचं अन्न. गावोगावच्या नगरपालिकांनी विक्रीवर बंदी घालायला सुरुवात केली तेव्हा २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सबंध गावाला एक नियम लावू नका. कोणत्या वस्तीत कोण राहतं ते पाहून ठरवा.

कोशेर दाखल्याचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण रोजचा काच तिथे आहे. १९८३ च्या कायद्याप्रमाणे हॉटेलला कोशेर म्हणवून घ्यायचं तर सरकारमान्य रब्बींचाच दाखला लागतो. मटण आणि दूध यांची भांडी वेगळी, पालेभाजीत किडा नाही याची खात्री, शनिवारी बंद. हे पाहायला एक निरीक्षक नेमतात, आणि त्याचा पगार देतो हॉटेलवाला! ज्याने ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातून पैसे घ्यायचे, म्हणजे काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. शिवाय दाखला हातात असला की माणसाला वाटतं, अन्नाबरोबर आचारही सुधारावा. एका बेली डान्सरची हकिकत प्रसिद्ध आहे. जिथे असा नाच होतो त्या सभागृहाला दाखला मिळणार नाही, असं जेरुसलेमच्या रब्बींनी ठरवलं. बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९० साली जिंकल्या. न्यायालयाने म्हटलं, दाखला ताटातल्या अन्नाचा आहे, स्टेजवर काय चालतं त्याचा नव्हे. २०१७ साली न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेलं. सरकारी दाखला नसलेल्या हॉटेलवाल्याला, आपण अन्नाचे कोणते नियम पाळतो आणि त्यावर कुणाची देखरेख आहे, हे खरंखुरं लिहून लावायची मोकळीक मिळाली. फक्त सरकारी दाखला नाही हेही लिहायचं. लक्षात घ्या, हा लढा देणाऱ्यांत टोपी घालणारे धार्मिक रब्बीही होते. धार्मिक माणूस म्हणजे सरकारी रब्बींच्या बाजूचा, असं समीकरण मांडलं की हमखास चुकतं.

आता पुन्हा पावाकडे येऊ. १९८६ साली क्नेसेटने कायदा केला की वल्हांडणात दुकानदाराने पाव, पिटा वगैरे विक्रीसाठी उघड्यावर मांडू नये. ज्यू नसलेल्यांच्या वस्तीला तो लागू नाही. खायला बंदी नाही, घरात ठेवायला बंदी नाही; बंदी आहे ती मांडण्याला. त्यामुळे त्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये गेलात तर रांगाच्या रांगा कपाटं पांढऱ्या प्लॅस्टिकने झाकलेली दिसतात, एखाद्या बंद घरातल्या फर्निचरवर चादरी टाकाव्यात तशी. सेक्युलर कुटुंबं आधीच पिटा आणून फ्रीजर भरून ठेवतात. ताजा हवा असला तर गाडी काढून अरब गावात जातात. २००८ साली जेरुसलेमच्या एका न्यायाधीश बाईंनी तर असा निकाल दिला की दुकानाच्या आतली जागा म्हणजे ‘उघड्यावर’ नव्हे, आणि खटला भरलेल्या दुकानदारांना सोडून दिलं. धार्मिक पक्ष खवळले. पण गंमत अशी की जुन्या शास्त्रकारांचा अर्थही काहीसा तसाच आहे. ‘तुझ्या हद्दीत दिसू नये’ याचा अर्थ त्यांनी लावला, तुझं तुला दिसू नये. दुसऱ्याचं दिसलं तर तुला दोष नाही. म्हणजे समोरच्या दुकानातल्या पावाने धार्मिक माणसाचं शास्त्रानेही काही बिघडत नाही. त्याचं दुःख वेगळं आहे. दोन हजार वर्षं दुसऱ्यांच्या गावात आम्ही दारं लावून हा सण केला. आमच्या स्वतःच्या देशात तरी रस्त्यावर तो दिसावा की नाही? हे दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मात्र त्यावर कायदा करावा का, हा प्रश्न उरतोच.

दुकानाचं एक बरं असतं, तिथून पुढे चालत जाता येतं. घराचं दार लावून घेता येतं. रुग्णालयात यातलं काहीच करता येत नाही, म्हणून खरं भांडण तिथे झालं. ते मी थोडंसं पाहिलं आहे.

ठिबक सिंचनाच्या कामासाठी २०१८ च्या वसंतात मी दोन महिने इस्रायलमध्ये होतो. लोद गावात माझ्या आईची एक शाळामैत्रीण राहते. ती बेने इस्राएल. आमच्या अलिबागकडे त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवत. मावशी साठच्या दशकात तिकडे गेली. पण अजून मराठीत भांडते, मराठीत हिशेब करते.

या बेने इस्राएलांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून आले आणि धर्मग्रंथ बुडाले. ग्रंथ गेले तरी शनिवार, सुंता आणि खाण्याचे नियम टिकले. मटणाच्या रश्शात दूध-दही चालत नाही म्हणून नारळाचा रस आला. सणांना त्यांनी मराठी नावं दिली आणि त्यातली बरीच जेवणावरून: खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. वल्हांडणाला ते ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात त्याचा अर्थ दिला आहे, आंबट पातळ पदार्थाचं भांडं झाकून ठेवायचा सण. मोशेची गोष्ट विसरली असेल, इजिप्त विसरलं असेल. पण वर्षातून एकदा आंबलेलं झाकायचं, हे कोकणातल्या घरांतून चालत राहिलं. यासाठी त्यांना ना रब्बी होता ना कायदा.

तर मावशी नेमकी सणाच्या आठवड्यात आजारी पडली आणि मध्य इस्रायलमधल्या एका रुग्णालयात दाखल झाली. मी भेटायला गेलो तेव्हा पिशवीत मुंबईहून नेलेली नानकटाई होती आणि भाजलेल्या पोह्यांचा चिवडा. दारात पहारेकरी. तिथे प्रत्येक मोठ्या इमारतीच्या दारात पिशव्या तपासतात, शस्त्रासाठी. हा इथिओपियातून आलेल्या कुटुंबातला एक कोवळा मुलगा होता. त्याने नानकटाईचा डबा उघडला, वास घेतला आणि बाजूच्या टोपलीत ठेवला. जाताना न्या म्हणाला. चिवड्याकडे मात्र तो बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, तांदूळ आहे. तांदूळ हे त्या पाच धान्यांत नाही, पण युरोपातून आलेले अश्केनाझी ज्यू तांदूळ आणि डाळीही वल्हांडणात खात नाहीत. आमच्याकडचे आणि अरब देशांतले ज्यू खातात. त्या पोराला हा वाद सोडवायचा नव्हता. त्याने मला जाऊ दिलं.

माझ्यामागे एक रशियन आजोबा होते. त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेला काळा पाव. बायको वर आहे, दोन दिवस काही खात नाही, हा खाईल, असं मोडक्या हिब्रूत ते सांगत होते. पोरगा मान खाली घालून नाही म्हणत होता. आजोबा शेवटी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, पाव मांडीवर घेऊन.

वर गेलो तर मावशीच्या शेजारच्या खाटेवर एक हरेदी बाई. तिने आपलं छोटं टेबल अॅल्युमिनियमच्या कागदाने पूर्ण गुंडाळलं होतं. मोहोरबंद डब्यातलंच खात होती. वॉर्डातल्या सामायिक फ्रिजला तिने हात लावला नाही. शस्त्रक्रिया झालेली, उठता येत नव्हतं. कुणी शेजारी बसून पाव खाल्ला असता तर तिला उठूनही जाता आलं नसतं. मावशी मला हळूच म्हणाली, “तू तो चिवडा पिशवीतच ठेव रे बाबा. आपल्याला चालतो, पण तिचा जीव कशाला घाबरवा?”

त्याच सुमाराला या झडतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले होते. रुग्णालयाचं स्वयंपाकघर सणात बेखमीर असावं, याला कुणाचाच विरोध नव्हता. वाद फक्त घरून आणलेल्या खाण्याचा. एप्रिल २०२० मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी निकाल लागला. न्यायमूर्तींचं म्हणणं थोडक्यात असं: पहारेकऱ्याला पिशवी बघायचा अधिकार शस्त्रासाठी दिला आहे, पावासाठी नाही. आणि रुग्ण तिथे हौसेने आलेला नसतो. त्याने काय खावं यावर सरसकट बंदी घालणं म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याला हात घालणं. भांडी वेगळी करा, जागा नेमून द्या, दुसरा मार्ग काढा. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती नील हेंडेल यांचा कल धार्मिक रुग्णाला पोचणाऱ्या त्रासाला अधिक वजन देण्याकडे होता.

मला यात जाणवलं ते हे की दोन्ही बाजूंचा मुद्दा एकच आहे. सेक्युलर म्हणतो, रुग्ण दुसरीकडे जाऊ शकत नाही म्हणून त्याला पाव आणू द्या. धार्मिक म्हणतो, रुग्ण दुसरीकडे जाऊ शकत नाही म्हणून त्याच्या शेजारी पाव आणू नका. आणि यात जो तिसरा आहे त्याचं नाव कुणी फारसं घेत नाही. इस्रायलच्या रुग्णालयांत अरब डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. २०२२ आणि २०२३ मध्ये वल्हांडण आणि रमजान एकाच वेळी आले. दिवसभराचा रोजा सोडायला घरचे लोक पिटा घेऊन येणार, आणि दारात त्यांना ज्यूंच्या सणाचा नियम सांगणार.

नव्या सरकारने २८ मार्च २०२३ रोजी ४८ विरुद्ध ४३ मतांनी कायदा केला. त्याप्रमाणे रुग्णालयाचा प्रमुख वल्हांडणात हामेत्स आणण्यावर निर्बंध घालू शकतो किंवा बंदी करू शकतो. म्हणजे जे न्यायालयाला आणि मंत्र्याला निस्तरता आलं नाही ते डॉक्टरांच्या गळ्यात पडलं. अनेक रुग्णालयांनी त्या वर्षी पिशव्या न उघडता फलक लावून विनंती करण्यावर भागवलं. माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं, आणि त्यासाठी कायद्याची गरज नव्हती. विनंती ऐकून पाव मागे ठेवणारा माणूस आणि झडती घेतल्यावर पाव काढून देणारा माणूस, दोघांच्या पिशव्या सारख्याच रिकाम्या असतात. पण दुसरा पुढच्या वेळी मुद्दाम घेऊन येतो.

कायदा झाला त्या आठवड्यात मी मावशीला फोन केला. तिच्या घरातही हा देश वाटला गेला आहे. नात तेल अवीवला असते आणि सणातही पिटा खाते. नातू धार्मिक झाला. जिथे शिकतो तिथल्या शिस्तीप्रमाणे तो आता तांदळालाही शिवत नाही, म्हणजे आजीच्या हातच्या भाकरीलाही नाही. “माझ्या आईने आणि आजीने तांदूळ खाल्ला, त्या काय ज्यू नव्हत्या?” असं मावशीने त्याला एकदा विचारलं होतं. तो गप्प बसला. मी विचारलं, मग सेदेरला काय करणार? ती म्हणाली, सगळे येणार आहेत. तो आपलं जेवण बंद डब्यातून आणेल आणि कागदाच्या ताटलीत खाईल. ती तिचा पाव गाडीत ठेवून वर येईल, तेवढं तिला कळतं. “आणि मी आपली तांदूळ निवडतेय. तांदळात गव्हाचा दाणा राहायला नको म्हणून तीनदा निवडायचा असतो ना. दोनदा झाला. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून तिसऱ्यांदा नातवाला बसवणार आहे. खाणार नसला तरी निवडू दे.”